खांदेदुखी व खांद्याची दुर्बलता

खांदेदुखी व खांद्याची दुर्बलता : खांद्याचा सांधा, त्याभोवतालचे स्नायू व कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोरीसारखे चिवट भाग) किंवा त्यांना चेतना पुरविणाऱ्या तंत्रिका (मज्जा) यांच्या विकारांमुळे हाताच्या मुळाशी होणाऱ्या वेदनेस खांदेदुखी म्हणतात व हात उचलण्याची किंवा वळविण्याची शक्ती उणावणे म्हणजे खांद्याची दुर्बलता होय. वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास ती चिरकारी समजतात. बोलभाषेत ‘खांदा आखडला’, ‘खांदा धरला’, ‘हात वर जात नाही’, ‘हात गळून पडतो’ असे शब्दप्रयोग सर्रास एकाच अर्थाने केले जातात. वैद्यकीय दृष्ट्या मात्र त्यांपैकी प्रत्येक प्रयोग वेगळ्या विकाराकडे बोट दाखवितो आणि रुग्णाचे नेमके शब्द ऐकून घेणे ही निदानाची पहिली पायरी ठरते. वेदनेमुळे रुग्ण वैद्याकडे येतो. दुर्बलता तो सहसा सांगत नाही, कारण दुखते म्हणूनच जोर लागत नाही असे त्याने गृहीत धरलेले असते. हे गृहीत पुष्कळदा खरे असते. ते जेथे खोटे ठरते तेथे कालहरणाने हाताचे कायमचे नुकसान होऊ शकते.

रचना : अंसफलक (खांद्याचे पाठीमागील पसरट हाड), भुजास्थी (दंडाचे हाड) व जत्रुक (गळ्याखालील आडवे हाड) या तीन हाडांनी खांदा बनतो. भुजास्थीचा वाटोळा शीर्षभाग अंसफलकाच्या उथळ खोबणीत बसतो. शीर्षाचा एकतृतीयांशाहूनही कमी भाग एका वेळी खोबणीस टेकलेला असतो. जांघेच्या सांध्याला असलेली खोल वाटी येथे नाही. म्हणूनच शरीरातील सर्वांत अधिक हालचाल या सांध्यात होते व सर्वांत अधिक वेळा निखळणारा मोठा सांधाही हाच होय. हाडांची ही उणीव चार स्नायूंच्या कंडरा भरून काढतात. त्या भुजास्थीच्या शीर्षाभोवती बाहीच्या कफासारख्या गुंडाळलेल्या असल्यामुळे त्यांच्या समूहास इंग्रजीत ‘रोटेटर कफ’ म्हणतात. मराठीत त्यास परिभ्रामक कंडरावेष्टन म्हणता येईल. दंडाला गोलाई देणारा डेल्टॉइड हा मोठा स्नायू हात उचलतो, पण उचलताना शीर्ष खोबणीत दाबून धरण्याचे काम या वेष्टनाचे असते. चार कंडरांपैकी सर्वांत वरची कंडरा अंसफलकाच्या छतासारख्या टोकाखालील अरुंद जागेतून जाते व तीच सर्वांत आधी झिजते. हात खालपासून डोक्यापर्यंत सु. १८०° उचलताना साधारणपणे दोन भाग हालचाल मुख्य सांध्यात व एक भाग अंसफलक छातीवर सरकल्याने होते. त्यामुळे मुख्य सांधा पूर्ण आखडला, तरी रुग्ण सबंध खांदा उचकवून हात काही अंशी वर नेतो आणि दोष बराच काळ लपून राहतो.

खांद्याच्या स्नायूंना जाणाऱ्या तंत्रिका मुख्यत्वे मानेतील पाचव्या व सहाव्या ग्रैवेय मुळांपासून निघतात. मानेच्या मणक्यांतील विकार खांद्यात दुखतो तो यामुळेच.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात खांद्याच्या ठिकाणी राहणारा वायू तेथील बंधने शोषून व सिरा आकुंचित करून ‘अवबाहुक’ हा रोग उत्पन्न करतो असे सांगितले आहे. शारीरस्थानात ‘अंस’ व ‘अंसफलक’ ही दोन मर्मे वर्णिली असून पहिल्याच्या आघाताने हात ताठ होतो व दुसऱ्याच्या आघाताने तो बधिर होऊन वाळतो, असा भेद केला आहे. ताठरपणा व शोष यांतील हा भेद आजच्या निदानातही पायाभूत मानला जातो, हे लक्षणीय होय. निखळलेल्या खांद्यासाठी काखेत मुसळ घालून सांधा वर उचलावा व मग स्वस्तिक बंध बांधावा असे चिकित्सास्थानात सांगितले आहे. हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेत वैद्य रुग्णाच्या काखेत आपली टाच रोवून हात ओढीत असे. तत्त्व दोन्हींकडे एकच, तरफेचे.

आधुनिक काळात फ्रेंच शल्यविशारद एस्. ई. द्यूप्ले यांनी १८७२ मध्ये सांध्याभोवतालच्या ऊतकांच्या (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांच्या) शोथामुळे खांदा आखडतो असे प्रतिपादन केले. बॉस्टन येथील अर्नेस्ट ॲमरी कॉडमन यांनी फाटलेल्या कंडरेच्या शिवणीचा वृत्तांत १९११ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९३४ मध्ये खांद्यावरील आपल्या ग्रंथात ‘गोठलेला खांदा’ ही संज्ञा रूढ केली. प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंद रुग्णालयाने ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. तो सहकाऱ्यांना मानवला नाही व त्यांना रुग्णालय सोडावे लागले. खांद्याच्या उपचारांची फलश्रुती महिन्यांनी कळते, आठवड्यांनी नव्हे. त्यामुळे हा आग्रह नेमका याच विषयाच्या अभ्यासकाने धरावा, हे स्वाभाविक वाटते. आखडलेल्या खांद्यात मूळ दोष सांध्याच्या संपुटात (आवरणात) असतो, हे जे. एस्. नेव्हिअझर यांनी १९४५ मध्ये दाखविले.

कारणे : चाळिशीनंतरच्या चिरकारी खांदेदुखीत दोन कारणे प्रमुख आहेत. पहिले संपुट आखडण्याचे (गोठलेला खांदा). हा विकार बहुधा ४० ते ६० या वयात व स्त्रियांमध्ये काहीसा अधिक आढळतो. कारणाशिवाय किंवा किरकोळ मार लागल्यावर खांदा दुखू लागतो. रात्री त्या कुशीवर निजवत नाही. काही महिन्यांत वेदना ओसरू लागते, पण सांधा ताठ होतो. पाठीमागे हात जात नाही, वेणी घालता येत नाही, चोळीची गाठ मारता येत नाही, सदऱ्याची बाही चढत नाही. पुढे एक ते तीन वर्षांत सांधा बहुधा आपोआप मोकळा होतो, तथापि काहींमध्ये थोडा ताठरपणा उरतो. मधुमेही व्यक्तींत हा विकार इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक, सु. १० ते २० टक्के व्यक्तींमध्ये, आढळतो व तो अधिक चिवट असतो. काही रुग्णांचा मधुमेह खांद्याच्या तक्रारीमुळेच प्रथम उघडकीस येतो. म्हणून आखडलेल्या खांद्याच्या प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा तपासणे अगत्याचे आहे. अवटु ग्रंथीच्या (थायरॉइडच्या) विकारांशीही त्याचा संबंध आहे.

दुसरे कारण कंडरावेष्टनाची झीज व फाटणे हे होय. वयाबरोबर कंडरेचा रक्तपुरवठा व चिवटपणा कमी होतो आणि डोक्याच्या वर हात नेऊन पुनःपुन्हा केलेल्या कामाने तिची झीज वाढते. साठीनंतर कंडरेत छिद्र असूनही कित्येकांना काहीच त्रास नसतो, हे विसरता कामा नये. प्रतिमेत फाट दिसली म्हणजे तीच वेदनेचे कारण असे ठरत नाही. याउलट बैलाच्या कासऱ्याला बसलेला हिसका, बांधावरून पडताना टेकलेला हात किंवा झाडावरून पडताना फांदीला मारलेली मिठी यांमुळे चांगली कंडरा एका क्षणात तुटू शकते. अशा रुग्णाचा हात त्याच दिवसापासून वर होत नाही. खेळाडूंमध्येही खांद्यावर असाच ताण येतो. सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर २००६ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया करावी लागली होती.

यांखेरीज संधिवाताभ, झिजेचा संधिशोथ व क्षयरोग यांमुळेही खांदा दुखतो. खांद्याचा क्षय विरळा आहे. त्यात बहुधा पू होत नाही, सांधा कोरडाच झिजतो व स्नायू वाळतात, त्यामुळे तो गोठलेला खांदा समजून महिनोन्‌महिने शेकला जातो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे व झपाट्याने होणारा स्नायूंचा शोष ही त्याची चिन्हे होत. [⟶ क्षयरोग, संधिशोथ].

तंत्रिकांच्या विकारांत दुर्बलता हे मुख्य लक्षण असते. मानेतील पाचवे मूळ दाबले गेल्यास मान वळविताना कळ दंडापर्यंत उतरते व हात उचलण्याचा जोर कमी होतो. १९४८ मध्ये पार्सोनेज व टर्नर यांनी वर्णिलेल्या विकारात अचानक असह्य वेदना सुरू होऊन ती ओसरताना खांद्याचे स्नायू लुळे पडतात. त्यातून सुधारणा बहुधा होते, पण तिला एक ते तीन वर्षे लागू शकतात. दुचाकीवरून पडून मान व खांदा परस्परांपासून ताणले गेल्यास तंत्रिकाजालच तुटते. ही इजा प्रामुख्याने तरुणांना होते आणि तीत तंत्रिकांची दुरुस्ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झाली तरच स्नायूंना तिचा लाभ मिळतो. दोन्ही खांदे वेदनेशिवाय हळूहळू दुबळे होत असतील, तर स्नायूंच्या आनुवंशिक अपकर्षाचा विचार करावा लागतो.

दुखणे खांद्यात पण मूळ अन्यत्र, असेही घडते. मध्यपटलास चेतना देणारी तंत्रिका मानेतूनच निघत असल्यामुळे पित्ताशय किंवा यकृताखालील गळू यांची वेदना उजव्या खांद्याच्या टोकावर जाणवते. हृदयविकाराची कळ डाव्या खांद्यात येते. ती श्रमाने वाढते, परंतु हात फिरवून वाढत नाही, ही तिची खूण होय. फुप्फुसाच्या शिखरावरील कर्करोग कित्येकदा खोकल्याच्या आधी खांदेदुखी उत्पन्न करतो. दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या रुग्णाच्या खांद्याबरोबर छातीचेही क्ष-किरण चित्र काढावे, हा नियम त्यामुळेच पडला.

तपासणी व निदान : खांद्याचे निदान यंत्रापेक्षा हाताने अधिक होते. रुग्णास कमरेपर्यंत उघडे बसवून पाठीमागून दोन्ही खांदे पाहिल्यास स्नायूंतील खळगे व अंसफलकाचे पंखासारखे बाहेर येणे दिसून येते. सदरा न काढता केलेली तपासणी निरुपयोगी होय. रुग्णास प्रथम स्वतः हात हलविण्यास सांगतात व नंतर वैद्य तोच हात आपण हलवून पाहतो. रुग्णाने व वैद्याने हलविलेला हात एकाच ठिकाणी अडला, विशेषतः कोपर बरगडीशी ठेवून हात बाहेर वळत नसेल, तर दोष सांध्यात किंवा संपुटात आहे. हाच प्रकार न ओळखल्या गेलेल्या निखळण्यातही दिसत असल्याने क्ष-किरण चित्र पाहिल्याशिवाय खांदा गोठल्याचे निदान पक्के करू नये. वैद्याने हलविलेला हात पूर्ण वर जातो पण रुग्णास तो नेता किंवा तेथे धरून ठेवता येत नाही, असे असल्यास कंडरा, तंत्रिका किंवा स्नायू यांत दोष आहे. हात ६०° ते १२०° या टप्प्यात दुखून पुढे मोकळा होत असेल, तर कंडरा छताखाली घासली जात आहे. छताखाली बधिरता आणणारे औषध टोचून वेदना नाहीशी केल्यावर जोर परत आला, तर दुर्बलता केवळ वेदनेची होती. वेदना गेली पण जोर आला नाही, तर कंडरा तुटल्याचा किंवा तंत्रिका निकामी झाल्याचा संशय बळावतो. स्नायूचा जोर शून्य ते पाच अशा श्रेणीत लिहून ठेवतात. ही नोंद पुढील भेटीत अतिशय उपयोगी पडते, पण घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ती सर्वांत आधी गाळली जाते.

क्ष-किरण चित्रात अस्थिभंग, झीज, चुन्याचे साठे व क्षयाने पोखरलेले हाड दिसते. कंडरा दिसत नाही. कंडरेसाठी श्राव्यातीत ध्वनीची तपासणी (सोनोग्राफी) स्वस्त व पुरेशी असते, मात्र ती करणाऱ्याचा हात सरावलेला असावा लागतो. एमआरआय चित्रात कंडरेबरोबर स्नायूत शिरलेली चरबीही मोजता येते. ती बरीच असल्यास शिवलेली कंडरा टिकत नाही. तंत्रिकांविषयी संशय असल्यास विद्युत् तपासणी करतात. ती इजेनंतर तीन आठवड्यांपूर्वी केल्यास दिशाभूल होते.

निदानातील एक चूक ग्रामीण भागात विशेष सांभाळावी लागते. विहिरीवरील विद्युत् पंपाचा धक्का किंवा अपस्माराचा (फेफऱ्याचा) झटका यांमुळे खांद्याचे सर्व स्नायू एकदम आवळून भुजास्थीचे शीर्ष मागील बाजूस निखळते. समोरून काढलेल्या क्ष-किरण चित्रात ते जवळजवळ स्वस्थ दिसते. रुग्णास ‘मुका मार’ म्हणून परत पाठविले जाते व त्याचा हात आत वळलेलाच राहतो. काखेतून घेतलेले दुसरे चित्र हा दोष उघड करते.

हिंगोली जिल्ह्यातील स्वरूप : मराठवाड्यातील हा जिल्हा परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५ होती. तीपैकी बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात. सोयाबीन, कापूस, तूर व हळद ही येथील मुख्य पिके होत. येथील खांदेदुखीचा विचार कामाच्या ऋतुचक्राशी जोडून करावा लागतो. पावसाळ्यात पाठीवरच्या फवारणी पंपाचा दांडा एका हाताने सतत खालीवर करावा लागतो व दुसऱ्या हाताने नळी उंच धरावी लागते. विजेरीवर चालणाऱ्या पंपांमुळे हा ताण अलीकडे कमी होऊ लागला आहे. सोयाबीनची कापणी विळ्याने ओणव्याने होते. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या ओटीचा भार मानेवर व कमरेवर येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर हळद खणणे, ती शिजविण्यासाठी टोपल्यांनी वाहणे, वाळविणे व पोती भरणे ही कामे लागोपाठ येतात. हिंगोली व वसमत येथील मोंढ्यांतील हमालांचे खांदे तर वर्षभर ओझ्याखाली असतात. त्यांच्या कामाचे नियमन व कल्याण यांसाठी राज्यात १९६९ चा माथाडी कायदा आहे. शेतावरील मजुराच्या खांद्याला तसे कोणतेही संरक्षण नाही. ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जाणाऱ्या कुटुंबांत डोक्यावर मोळी घेऊन वाहनाला लावलेल्या फळीवरून चढावे लागते. त्या हंगामात उपचार खंडित होतात व सांध्याचा ताठरपणा वाढतो.

खांदा दुखू लागल्यावर पहिला उपाय घरीच होतो. तेल लावून चोळणे व शेकणे निरुपद्रवी आहे. उसण भरल्यास पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची चाल निदान अपायकारक नाही. बिब्बा घालणे व तापल्या सळईने डाग देणे यांची गोष्ट वेगळी. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड व जखमा होतात आणि मधुमेही व्यक्तीत त्या चिघळतात. आखडलेला खांदा हिसका देऊन ‘मोकळा’ करविणे सर्वांत धोक्याचे. वयस्कर स्त्रियांची हाडे ठिसूळ असल्यामुळे त्यात भुजास्थी मोडू शकते. खांद्यात वा कमरेत घेतलेल्या स्टेरॉइडच्या सुईने दोन-तीन आठवडे आराम पडतो आणि रुग्ण त्याच सुईसाठी पुनःपुन्हा येतो. वारंवार टोचल्याने कंडरा दुबळी होते व मधुमेह्याची रक्तशर्करा काही दिवस वाढते. योग्य निदानानंतर, मोजक्या वेळा व योग्य जागी दिलेली तीच सुई गोठलेल्या खांद्याच्या पहिल्या, वेदनेच्या अवस्थेत उत्तम काम करते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात वेदनाशामके, रक्तशर्करेची तपासणी व पुढे पाठविण्याची चिठ्ठी मिळू शकते. क्ष-किरण चित्र व अस्थिरोगतज्ञ यांसाठी जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते तोवर गुंतागुंतीचे रुग्ण प्रामुख्याने नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जात. त्यानंतर २०२३ मध्ये परभणी येथे व २०२४ मध्ये खुद्द हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अंतर कमी झाले, तरी मजुरीचा दिवस बुडतो तो बुडतोच. खांद्याच्या उपचारात भौतिकी चिकित्सेसाठी (व्यायाम, शेक इत्यादींच्या उपचारासाठी) आठवड्यातून अनेक वेळा यावे लागते. रुग्ण दोनदा येतो व थांबतो. त्यामुळे घरी करता येतील असे व्यायाम पहिल्याच भेटीत शिकविणे अधिक व्यवहार्य होय.

उपचार : बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. कॉडमन यांनी सुचविलेला लोलक व्यायाम सर्वांत सोपा आहे. ओणवे होऊन एक हात बाजेच्या गातावर टेकावा व दुखरा हात खाली सैल सोडून लहान वर्तुळात फिरू द्यावा. भिंतीवर बोटांनी चढत जाणे, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर ढकलणे, लिंबाच्या फांदीवरून किंवा विहिरीच्या जुन्या कप्पीवरून दोर टाकून आळीपाळीने ओढणे हेही व्यायाम घरी जमतात. व्यायामानंतरचे दुखणे तासाभरात निवावे. दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकल्यास व्यायाम कमी करावा. वेदनाशामके जेवणानंतर व थोडे दिवस घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरव्रण असलेल्यांनी ती वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आखडलेला खांदा सहा महिन्यांच्या उपचारानेही न सुटल्यास संपुटात द्रव भरून ते ताणणे, शुद्धिहरण करून सांधा हलविणे किंवा अंतर्दर्शीने संपुट सोडविणे हे मार्ग आहेत.

झिजून फाटलेल्या कंडरेसाठी प्रथम सु. तीन महिने स्नायू बळकट करण्याचे व्यायाम देतात. इजेने एकाएकी तुटलेली कंडरा मात्र लवकर, शक्यतो तीन महिन्यांच्या आत, शिवावी लागते. उशिराने स्नायू आखडतो व त्यात चरबी भरते. शिवल्यावर हात चार ते सहा आठवडे झोळीत ठेवावा लागतो व जड काम सु. सहा महिने वर्ज्य असते. शस्त्रक्रियेचा हंगाम निवडताना याचा विचार रुग्णाबरोबर बसून व्हावा. हळदीच्या काढणीपूर्वी शिवलेला खांदा काढणीतच पुन्हा फाटण्याचा संभव असतो.

सांधाच नष्ट झाल्यास कृत्रिम सांधा बसवितात. त्याची सुरुवात १८९३ मध्ये पॅरिस येथे झाली. क्षयाने खांदा गेलेल्या एका पाववाल्यास झ्यूल पेआँ यांनी प्लॅटिनम व रबर यांचा सांधा बसविला. तो सु. दोन वर्षे चालला व जंतुसंसर्गामुळे काढावा लागला. कंडरावेष्टन उरलेच नसेल तर खोबणीच्या जागी गोल व गोलाच्या जागी खोबण अशी उलट रचना वापरतात. ती १९८० नंतरच्या दशकात फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी विकसित केली. तीत डेल्टॉइड एकटाच हात उचलू शकतो.

खर्चाच्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा (२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने प्रारंभ) आधार घेता येतो. योजनेतील उपचारांची यादी ठरलेली असल्याने शल्यविशारदाची शिफारस लेखी घेऊन संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी खात्री करणे इष्ट ठरते. दुर्बलता कायम राहिल्यास जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व असावे लागते व ते ठरविताना सांध्याच्या हालचालीचे अंश आणि स्नायूच्या जोराची श्रेणी या दोन्हींची नोंद पाहिली जाते. जुनी क्ष-किरण चित्रे, चिठ्ठ्या व तपासणीचे कागद रुग्णाने जपून ठेवणे त्यामुळे आवश्यक असते. [⟶ अस्थिभंग, भौतिकी चिकित्सा, मधुमेह, स्नायु].